पहिली बोली

थोरलीने कोयता दगडावर घासला, अंगठ्याने धार पाहिली आणि पुन्हा घासला. चारा इतका वाळला होता की कापताना त्याची नुसती धूळ व्हायची आणि ती नाकातोंडात जाऊन बसायची. पाऊस दडी मारून बसला होता. टेकडीवरचं गवत करपलं होतं. गोठ्यातल्या गाई-गोऱ्ह्यांच्या बरगड्या आता लांबूनही दिसायला लागल्या होत्या. विकायची तर आता, नाहीतर मग कातड्याच्या भावाने, असं धाकटा भाऊ रोज सकाळी तोंड धुताधुता म्हणायचा.

कापताना तिचा कान आतल्या खोलीकडे होता. आतून काहीच आवाज येत नव्हता. त्याचाच तिला राग येत होता.

खोलीत आबा पडून होते. तिचा बाप. उभा जन्म जनावरांच्या व्यापारात घालवलेला माणूस. लघवीच्या पिशवीखालच्या गाठीत सुरू झालेला कॅन्सर आता खुब्याच्या आणि पाठीच्या हाडांत उतरला होता. मोठ्या दवाखान्याने हात टेकले होते, पण अगदीच वाऱ्यावर सोडलं नव्हतं. ज्यांचं बरं होणार नाही त्यांचं दुखणं तरी हलकं करावं, एवढ्यासाठी दवाखान्याची एक गाडी गावागावांतून फिरायची. त्या गाडीतून आठवड्याला एकदा सिस्टर यायची. औषधाची बाटली द्यायची, टाचांच्या जखमा बघायची, पोट साफ होतं का विचारायची आणि पुढच्या गावाला जायची.

थोरली चारा टाकून हात धुऊन आत गेली. आबांनी डोळे मिटले होते. उशीचं टोक ओलं होतं आणि त्यावर दातांचे ठसे होते. कालही होते. तिने उशी उलटी केली.

"पाणी देऊ?"

"जनावरांना पाजलंस का?"

"पाजलं."

"लाल गोऱ्ह्याला शेवटी पाज. तो उष्टं करतो."

एवढं बोलायला त्यांना मध्ये दोनदा थांबावं लागलं. तिने त्यांना कुशीवर वळवलं तसा त्यांचा श्वास अडकला आणि गळ्याची शीर तट्ट फुगली. पण तोंडातून ब्र नाही. बाजारात आबांची ख्याती होती ती याच गोष्टीची. जनावराने लाथ मारून नडगी फोडली तरी हा माणूस समोरच्याशी हवापाण्याच्या गप्पा मारत उभा राहिला होता. लोक अजून ते कौतुकाने सांगायचे. लोकांचं काय जातंय.

दुपारी गाडी आली. सिस्टर घामाघूम होऊन आत शिरली, पिशवी खाली ठेवली आणि तिच्यातून चेहऱ्यांची पट्टी काढली. एका टोकाला हसरा चेहरा, दुसऱ्या टोकाला ढसाढसा रडणारा, आणि मध्ये तोंड पाडत गेलेले बाकीचे.

"आबा, काय म्हणतंय दुखणं? शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. किती आहे आज?"

आबांनी पट्टी हातात घेऊन न्याहाळली. "हा रडका कोण? आमचा जावई का?"

सिस्टर हसली. थोरली हसली नाही. त्या जावयाचं घर सोडून तिला बरीच वर्षं झाली होती आणि आबा हा विनोद प्रत्येक वेळी करायचे.

"सांगा ना, किती?"

"तीन."

"नक्की?"

"तीन म्हटलं ना."

सिस्टरने पाठ दाबून पाहिली, नाडी बघितली. आबा तिच्या डोळ्यात डोळे घालून बघत राहिले. "छान," ती म्हणाली. "म्हणजे आहे तो डोस पुरतोय. तोच चालू ठेवू. चार तासांची वेळ मात्र चुकवू नका." तिने तीन लिहून घेतलं.

दारात उभा असलेला धाकटा म्हणाला, "मी तेच सांगत होतो. ही ताई उगाच जीव काढते. उलट कमी करता आलं तर बघा. नशेचंच औषध ते."

"नशेचं नाही, दुखण्याचं आहे," सिस्टर म्हणाली. "आणि कमी-जास्त करायचं ते आम्ही ठरवू, दादा." तिला अजून चार घरं करायची होती. ती निघून गेली.

गाडीची धूळ बसली तसं आबांनी मान भिंतीकडे फिरवली. थोरली उशीकडे बघत उभी राहिली. उलट्या केलेल्या बाजूवरही आता ठसे उमटले होते.

"आबा, खरं किती आहे?"

"तुला काय करायचंय? तू थोडीच देणार आहेस?"

"म्हणजे?"

त्यांनी भिंतीच्या पोपड्यावरून बोट फिरवलं. मग पुटपुटले, "ती बाई सौद्याला अगदीच कच्ची आहे."

"कसला सौदा?"

"मी तीन म्हणतो. तिने म्हणायला नको, तीन कसं आबा, तुमच्या तोंडावरून तर नऊ दिसतंय? मग मी पाचावर आलो असतो. ती म्हणाली असती आठ. सातावर सौदा पटला असता. इतके दिवस येते आहे, एकदा वर चढली नाही. तीन म्हटलं की तीन लिहून मोकळी."

थोरलीच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. ती लहान असताना आबांच्या मागे मागे बाजारात जायची. बाजारात मोठ्याने बोललेला आकडा कधीच खरा नसतो, हे तिला अक्षरं येण्याच्या आधी कळलं होतं. घेणारा पहिली बोली खालून लावतो. देणारा छातीवर हात मारतो, वर चढतो. सगळी चढउतार होऊन शेवटी दोघं हातात हात घेतात आणि खरा आकडा बोटं दाबून सांगतात, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. हे सगळं तिला ठाऊक होतं. आणि गेले कितीतरी आठवडे तीही दारात उभी राहून 'तीन' ऐकत होती, आणि थोडं का होईना, बरं वाटून घेत होती.

"अहो, ती काय गाय विकायला आली होती का?" तिचा आवाज चिरकला. "ती विचारते ते खरं सांगायचं असतं!"

"पहिल्या बोलीत?"

"हो, पहिल्या बोलीत!"

"आणि गरज दाखवायची?" आबांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं. डोळे खोल गेले होते, पण नजर बाजारातलीच होती. "पोरी, घेणाऱ्याची गरज दिसली की तो मेला."

"तुम्ही मरतच आहात, आबा."

तिने हे बोलायला नको होतं, पण बोलून गेली. आबा मात्र चिडले नाहीत. "म्हणून काय भाव पाडून घ्यायचा?" ते म्हणाले आणि उशीचं टोक दातात धरलं.

तिने अंगणात येऊन सिस्टरला फोन लावला. गाडीच्या आवाजात अर्धं ऐकू गेलं, अर्धं नाही. सिस्टर म्हणाली, "अहो, पण पेशंट स्वतः तीन सांगतोय. मी डॉक्टरांना काय सांगू?" मग जरा थांबून म्हणाली, "उद्या दुपारी वाट वाकडी करून येते. तोवर वेळ चुकवू नका. मध्येच फार वाटलं तर एक डोस जास्तीचा दिला तरी चालेल."

संध्याकाळी ती आणि धाकटा विहिरीवर पाणी ओढत होते. पाणी तळाला गेलं होतं. निम्मी बादली गाळच यायचा.

"उद्या सकाळी गोडबोल्या येतोय," धाकटा म्हणाला. "सगळी दावण एकदम घेतो म्हणतोय."

गोडबोल्या म्हणजे लांबच्या बाजारातला बडा व्यापारी. खरं नाव कुणी घेत नसे. जीभ मधात बुडवून बोलायचा आणि उठताना समोरच्याच्या अंगावरचा सदरा तेवढा शिल्लक ठेवायचा.

"मग दे की."

"माझ्या हाताला कोण हात देतंय? आबांशी बोलेन म्हणाला. आबा आजारी आहेत एवढंच त्याला माहीत आहे. कंबर धरली म्हणून सांगितलंय मी."

"कंबर!"

"मग काय सांगू? दुकान बंद होतंय म्हणून? निम्म्यानेसुद्धा मागणार नाही तो." धाकट्याने बादली दगडावर आपटली. "चारा किती उरलाय बघितलास ना? ही जनावरं अशीच उभी राहिली तर तू खाऊ घालणार आहेस का त्यांना?"

तो खोटं बोलत नव्हता, आणि त्यामुळे तिला त्याच्यावर धड ओरडताही येईना.

सकाळी ती डोंगराकडेला उरलंसुरलं गवत आणायला गेली. जाताना भावजयीला बजावून गेली, आबांना वेळेवर औषध दे. भारा घेऊन परतली तेव्हा उन्हं चांगलीच वर आली होती. अंगणात शिरली आणि जागीच थबकली.

गोठ्यासमोरच्या झाडाखाली खाट टाकली होती आणि खाटेवर आबा बसले होते. दाढी केलेली. स्वच्छ धुतलेला सदरा. केस पाणी लावून बसवलेले. पाठीमागे गोधड्यांची वळकटी, आणि दुखऱ्या खुब्याखाली उशी अशा बेताने सारलेली की समोरून दिसू नये. पायावर चादर.

लंगडं जनावर विकायचं असलं की व्यापारी त्याला भुसभुशीत मातीत उभं करतात. खूर आत रुततो आणि लंगडेपण झाकलं जातं. आबांनीच तिला हे कधीतरी हसत हसत दाखवलं होतं.

तिने भारा टाकला. आबांच्या वरच्या ओठावर घामाचे थेंब होते. हात खाटेच्या कडेला आवळलेले, नखं पांढरी पडलेली.

"औषध दिलंस?" तिने भावजयीला विचारलं.

भावजयीने गोठ्यातल्या नवऱ्याकडे बघितलं. "यांनी नको म्हणून सांगितलं. पहाटेपासून बाटली यांच्याकडेच आहे."

"गुंगीत असले तर सौदा कसा होणार?" धाकटा गोठ्यातून दबक्या आवाजात म्हणाला. "घटका-दोन घटकांचा प्रश्न आहे, ताई. आबांना विचारून केलंय मी. विचार हवं तर."

आबांनी तिच्याकडे न बघता मान हलवली. होकाराची. तिच्या डोक्यात तिडीक गेली. ती काही बोलणार तोच फाटकाशी गाडी थांबली.

गोडबोल्या उतरला तोच हात जोडून. "वा, वा, आबा! कोण म्हणतं आजारी? नवरदेवासारखे बसलाय!"

"नवरी मिळेना," आबा म्हणाले.

गोडबोल्या खो खो हसला. मग दावणीवरून फिरला. दात पाहिले, पाठीवर हात फिरवला, लाल गोऱ्ह्याचा कान ओढला. धाकटा मागे मागे. पण थोरली बघत होती की जनावराकडे बघता बघता त्याचा एक डोळा खाटेकडे होता. आबांच्या गळ्याकडे, मनगटाकडे, चादरीखालच्या पायांकडे. गाय बघावी तसा तो आबांना बघत होता.

मग तो खाटेजवळ आला. बसला नाही. आबांचा हात हातात घेतला, आणि बोटं दाबायच्या आधी तो हात जरा ओढला.

"असं बसून काय बोलायचं, आबा? चला, उठा. दावणीवरून दोघं एक चक्कर टाकू. तुमच्या तोंडून एकेकाचे गुण ऐकू द्या."

भरवसा नसलेलं जनावर चालवून बघतात, हे त्या अंगणात सगळ्यांना माहीत होतं.

आबांनी एक पाय खाली सोडला. दुसरा सोडताना त्यांच्या चेहऱ्यावरचं रक्त उतरलं. तरी ते हसत होते. दात दिसत होते, बाकी तोंड मेल्यासारखं. धाकटा पुढे झाला, त्याने बगलेत हात घातला. आबा अर्धे उठले, आणि त्यांच्या घशातून एक बारीक आवाज आला. अडकलेल्या वासरासारखा. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा.

"सोड त्यांना!" थोरली ओरडली.

ती कधी पुढे झाली तिचं तिलाच कळलं नाही. तिने धाकट्याला छातीवर हात देऊन ढकललं, आबांना खाटेवर टेकवलं आणि धाकट्याच्या खिशातून बाटली ओढून काढली. खिसा टरकन फाटला.

"ताई, काय करतेस! माणसं आहेत समोर!"

"माणसं? कुठे आहेत माणसं?" ती गोडबोल्याकडे वळली. "चालवून बघायचंय ना तुम्हाला? मीच सांगते. कॅन्सर आहे. हाडात आहे. हा माणूस मरतोय, आणि पहाटेपासून याला औषध दिलेलं नाही, तुमच्यापुढे तरतरीत दिसावा म्हणून. आणखी काय बघायचंय? दात बघता?"

गोडबोल्याने घसा खाकरला. त्याने आबांचा हात सोडला आणि आपला हात सदऱ्याला पुसला. ते पुसणं थोरलीने पाहिलं.

तिने माप भरलं आणि आबांच्या तोंडाशी नेलं. आबांनी दात घट्ट मिटले. डोळ्यांत नुसता जाळ. सगळ्या बाजारादेखत लेकीने त्यांना नागवं केलं होतं.

"उघडा तोंड."

मान नाही म्हणाली.

तिला वाटलं, हे माप त्यांच्या तोंडावर ओतावं आणि चालतं व्हावं. मग तिने चादरीखाली हात घातला आणि त्यांचा हात शोधून काढला. बाजारात बाईच्या हातात कुणी हात देत नाही. आबांनीही तिला कधी दिला नव्हता.

"आबा," ती हळू म्हणाली. "मी घेत नाही, विकत नाही. किती आहे ते सांगा."

मग त्यांनी तिची पाचही बोटं मुठीत धरून दाबली. सोडली. पुन्हा पाचही धरली, आणि या वेळी सोडलीच नाहीत. तिची हाडं एकमेकांवर घासली.

"हं," ती म्हणाली. "आता प्या."

त्यांनी तोंड उघडलं.

गोडबोल्या तोवर धाकट्याला बाजूला घेऊन बोलत होता. आवाज तसाच गोड. "वाईट वाटलं हो ऐकून. आबा म्हणजे आबा. पण आता भाव वेगळा पडणार, तुलाही कळतंय." त्याने चांगली तेवढी निवडली आणि पडत्या भावाने नेली. लाल गोऱ्हा आणि दोन भाकड गाई मागे राहिल्या. गाडी गेल्यावर धाकटा रिकाम्या खुंट्यांमध्ये उभा राहिला.

"घर बुडवलंस," तो म्हणाला. "समाधान झालं?"

"नाही," ती म्हणाली. "अजिबात नाही झालं."

दुपारी सिस्टर आली, तोवर आबांना खोलीत नेऊन निजवलं होतं. थोरलीने तिला सगळं सांगितलं. तीनचं, उशीचं, बोटांचं. सिस्टरचे कान लाल झाले.

"मी चेहऱ्यांची पट्टीसुद्धा दाखवली होती त्यांना."

"चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही, हाच त्यांचा धंदा होता. आपल्या दोघींनाही गंडवलं त्यांनी."

"पण मी सारखी विचारत होते हो," सिस्टर रागाने म्हणाली, आणि तो राग नक्की कुणावर आहे हे तिलाच कळत नव्हतं. तिने तिथूनच डॉक्टरांना फोन लावला. डोस वाढवला, मधल्या वेळी द्यायचा जास्तीचा डोस ठरवून दिला, पोट साफ होण्याचं औषधही वाढवलं. मग बाटली धाकट्यापुढे धरून म्हणाली, "ही खिशात नाही ठेवायची. कळलं?" धाकट्याने मान खाली घातली. फाटलेला खिसा तसाच लोंबत होता.

दोन रात्री थोरलीने उशी तपासली. दुसऱ्या सकाळी ती कोरडी होती. त्या दिवशी ती चारा कापत असताना आतून आवाज आला आणि कोयता टाकून ती धावली. आबा घोरत होते. ती दाराला टेकून ते ऐकत राहिली. मग पुन्हा येऊन चारा कापायला बसली. कापून झाल्यावर ढीग बघितला तेव्हा लक्षात आलं, सवयीने सगळ्या दावणीपुरता कापला होता.

सिस्टर पुन्हा आली तेव्हा आबा जागे होते. डोळे निवळले होते. थोरलीशी ते अजून बोलत नव्हते. पाणी हवं असलं की नुसता तांब्या दाखवायचे.

सिस्टरने पट्टी काढलीच नाही. खाटेच्या कडेवर बसली. "आबा, आज किती?"

आबा आढ्याकडे बघत होते. "चार."

सिस्टरचा चेहरा पडला. तिने थोरलीकडे पाहिलं. "वाढलं? इतका डोस देऊनही?"

थोरलीने वहीकडे बोट दाखवलं. "लिहा," ती म्हणाली. "चारच लिहा. हा खरा आहे."

"एकच बोल," आबा म्हणाले. "वर नाही, खाली नाही."

सिस्टरने लिहायला घेतलं आणि हात थांबवला. आबांकडे नीट बघितलं. मग अंगातला सगळा धीर गोळा करून म्हणाली, "दुखणं चारवर मी नाही सोडणार, आबा. माझं म्हणणं दोन."

आबांनी हळूहळू मान वळवली. बराच वेळ तिला न्याहाळलं. मग इतक्या दिवसांनी थोरलीकडे बघून म्हणाले, "तयार झाली गं बाई."

सिस्टर हसली. आबाही हसले, आणि हसताना कळ आली तेव्हा "आई गं" म्हणाले. मोठ्याने, कुणाचीही भीड न बाळगता.

थोरली बाहेर आली. दोरी घेतली, बादली विहिरीत सोडली. कितीतरी आठवड्यांची ती ओली उशी, तो तीन, ती सगळी माणसं जी सहनशक्तीचं कौतुक करून चहा पिऊन गेली. हे सगळं आबांकडून तिने सोसवून घेतलं होतं, दारात उभी राहून. बादली तळाच्या दगडावर आपटली. तिने हिसडा देऊन दोरी ओढली. गाळ आला. तिने तो ओतून दिला आणि पुन्हा बादली सोडली. लाल गोऱ्हा खुंट्याशी हंबरत होता. आता त्याच्याबरोबर पाणी प्यायला दोन भाकड गाईच उरल्या होत्या, तरी तिने गाईंना आधी पाजलं आणि त्याला शेवटी.